डिझेल होते, हवा नव्हती

मागच्या थंडीतली गोष्ट. इशाची नमाज पढून अब्बा घरी आले आणि जेवायला न बसता थेट पलंगावर आडवे झाले. छातीवर कुणी जाते ठेवल्यासारखे वाटते, असे म्हणाले. कपाळावर घाम होता. डावा खांदा आणि जबडा दुखत होता. "गॅस हुआ होगा," हे निदान त्यांनी स्वतःच केले आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केले, कारण मान्य करणे सोयीचे होते. अम्मीने ओवा दिला. आम्ही सोड्याची बाटली आणली. धाकट्या भावाने पाठीला बाम चोळला. अकरा वाजून गेले तरी बरे वाटेना, तेव्हा जवळच्या दवाखान्यात नेले. "अशक्तपणा आला असेल, ग्लुकोज लावा," हा आग्रहही आम्हीच धरला. बाटली लागली. ती थेंब थेंब उतरत होती तोवर आम्ही निश्चिंत होतो.

पहाटे तीनला अब्बांना धाप लागली, ओठ काळपट दिसू लागले. तेव्हा कुठे गाडी ठरवून जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "दुखायला केव्हा लागलं?" आम्ही म्हणालो, "रात्री साडेनऊला." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. चार वाजले होते. साडेसहा तास.

त्याच पहाटे बंद पडलेली रक्तवाहिनी उघडून स्टेंट बसवला. अब्बा वाचले, अल्लाहचे लाख लाख शुक्र. पण दोन दिवसांनी इको काढला तेव्हा हृदयाची ताकद 35 टक्के निघाली. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला आपल्या मुख्य कप्प्यातले साधारण 55 ते 70 टक्के रक्त बाहेर टाकते. अब्बांचे हृदय जेमतेम त्याच्या निम्मे काम करत होते.

अब्बांनी तीस वर्षे एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिने खोलली आणि जोडली. वॉर्डात पडल्या पडल्या त्यांनी डॉक्टरांना विचारले, "साहेब, दोन वेळचं पोटभर जेवत होतो. त्यात ग्लुकोजची बाटलीपण लावली. मग इंजिन बंद कसं पडलं?"

डॉक्टर म्हणाले, "चाचा, डिझेल भरपूर होतं. हवा बंद झाली होती."

अब्बांना ते एका वाक्यात समजले. आम्हाला समजायला बरेच दिवस लागले. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे. शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमना विचारून विचारून भंडावले, दहावीच्या पुस्तकातला पेशीश्वसनाचा धडा पुन्हा वाचला, दर तपासणीच्या वेळी डॉक्टरांनाही दोन-दोन प्रश्न विचारले. त्या साडेसहा तासांत अब्बांच्या हृदयाच्या आत काय चालले होते, हे जे काही उमगले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत. कारण सोडा, ओवा आणि ग्लुकोजची बाटली आपल्या घराघरांत आहे.

हृदयाचा रोजचा खर्च

माणसाचे हृदय साधारण 300 ग्रॅम वजनाचे, मुठीएवढे. ते दिवसाला सुमारे 1 लाख वेळा धडकते आणि 7 हजार लिटरच्या आसपास रक्त पुढे ढकलते. या कामाला लागणारी ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूतून मिळते. पाठ्यपुस्तकात त्याला पेशीचे ऊर्जा-चलन म्हटले आहे. घरात रोजच्या खर्चाला जशी सुटी नाणी आणि नोटा लागतात, तसे पेशीला एटीपी लागते. हृदय दिवसभरात सुमारे 6 किलो एटीपी खर्च करते, म्हणजे आपल्या वजनाच्या वीसपट! अर्थात एवढा साठा हृदयात कधीच नसतो. गल्ल्यात शिल्लक असते ती फक्त काही सेकंदांपुरती. एकीकडे खर्च आणि दुसरीकडे लगेच भरणा, असा हा व्यवहार आयुष्यभर अखंड चालतो.

हे चलन तंतुकणिकांमध्ये तयार होते. हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा या तंतुकणिकांनीच व्यापलेला असतो. इंधनाच्या बाबतीत हृदय नखरे करत नाही. निम्म्याहून जास्त, साधारण 60 ते 70 टक्के ऊर्जा ते रक्तातल्या मेदाम्लांपासून म्हणजे चरबीपासून मिळवते. उरलेली ग्लुकोजपासून. आपण धावलो की पायांच्या स्नायूंतून जे लॅक्टिक आम्ल रक्तात येते, तेसुद्धा हृदय जाळून टाकते. उपाशी असताना यकृत जे कीटोन बनवते, तेही त्याला चालतात.

इंधन कोणतेही असो, ते पूर्ण जाळायला ऑक्सिजन लागतोच. इथेच हृदयाची एक अडचण आहे. आपण आरामात बसलेलो असतो तेव्हा पायाचे स्नायू रक्तातला थोडाच ऑक्सिजन उचलतात, गरज लागली तर जास्त उचलायला त्यांना वाव असतो. हृदय मात्र आरामातही आपल्याकडे आलेल्या रक्तातला 70 ते 75 टक्के ऑक्सिजन काढून घेते. शिल्लक फारशी ठेवतच नाही. ऑक्सिजन जास्त हवा असेल, तर जास्त रक्त यावे लागते. आणि ते रक्त येते फक्त हृदयाला वेढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून. हृदयाचे कप्पे रक्ताने भरलेले असतात खरे, पण आतला अगदी पातळ थर सोडला तर स्नायूला ते रक्त थेट वापरता येत नाही. विहीर घरात असून पाणी मात्र नळानेच यावे, तशी ही गत.

पहिली चाळीस मिनिटे

या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. हाच हार्ट अटॅक.

वाट बंद झाली की काही सेकंदांतच त्या भागातला ऑक्सिजन संपतो आणि तंतुकणिकांचे काम थांबते. चरबी समोर असूनही जळत नाही. मिनिट-दोन मिनिटांत तो भाग आकुंचन पावणे सोडून देतो. अब्बा म्हणाले, "मालक समजदार आहे, उत्पन्न बंद झाल्याबरोबर खर्च कमी केला." हे खरेच तसे आहे. पण पेशी जिवंत राहण्यासाठीही खर्च लागतो, तो कसा भागवायचा?

पेशीकडे दोन आधार असतात. पहिला क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे अडीअडचणीला बाजूला ठेवलेली मूठभर बचत. ती मिनिटा-दोन मिनिटांत संपत येते. दुसरा आधार ऑक्सिजनविना ग्लुकोज मोडण्याचा. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला विनॉक्सिश्वसन म्हणतात. पण हा सौदा फार महागाचा. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून तीसच्या वर एटीपी मिळतात. जुन्या पुस्तकांत हा आकडा 36 ते 38 असा दिलेला आढळेल. ऑक्सिजन नसताना मिळतात फक्त 2. शिवाय मागे लॅक्टिक आम्ल उरते. एरवी रक्त ते वाहून नेते, पण आता रक्तच वाहत नाही. आम्ल पेशीतच साठते आणि साठता साठता ग्लुकोज मोडण्याची ती उरलीसुरली क्रियाही मंदावते. चूल धुराने भरावी आणि त्या धुरानेच विझावी, तसे होते.

सुमारे 10 मिनिटांत पेशीतले एटीपी निम्म्यावर येते. 40 मिनिटांच्या सुमारास दहाव्या हिश्श्यावर. पेशीच्या भिंतीत सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवणारे छोटे पंप असतात, तेही एटीपीवरच चालतात. ते थकले की सोडियम आणि पाठोपाठ पाणी आत शिरते, पेशी फुगते. कॅल्शियम आत साठते आणि पेशीला आतून पोखरू लागते. पोटॅशियम बाहेर झिरपते. त्यामुळे त्या भागातली विद्युत-व्यवस्था बिघडते. ईसीजीच्या कागदावर जो बदल दिसतो तो या बिघाडाचा. पहिल्या तासात काही माणसे रुग्णालयाच्या दारापर्यंतही पोहोचत नाहीत, त्याचे मोठे कारण हेच. स्नायूचा तुकडा मेला म्हणून नव्हे, तर ठोक्यांची लय अचानक विस्कटल्यामुळे ती जातात.

20 ते 40 मिनिटांच्या दरम्यान काही पेशींच्या बाबतीत परतीची वाट बंद होते. भिंत फुटते आणि आतले ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात येते. रुग्णालयात रक्त घेऊन जी ट्रोपोनिनची तपासणी करतात, ती याच फुटलेल्या पेशींची खूण शोधत असते. ती वाढायला काही वेळ लागतो, म्हणून डॉक्टर दोन-तीन तासांनी पुन्हा रक्त घेतात. "एकदा घेतलं ना, परत कशाला?" असा वाद आम्ही घातला होता. आपण घालू नये.

बाटलीचा उपयोग का झाला नाही

आता आमच्या ग्लुकोजच्या बाटलीकडे येऊ. बाटलीतली साखर हाताच्या शिरेतून रक्तात गेली, पण जिथे गुठळी होती तिथून पुढे रक्तच जात नव्हते. साखर जाणार कशी? आणि अटॅकच्या वेळी शरीर घाबरून ॲड्रेनलिनसारखे स्राव सोडते. त्याने रक्तात साखर आणि मेदाम्ले दोन्ही आधीच वाढलेली असतात. टाकी ओसंडून वाहत होती आणि आम्ही वरून आणखी ओतत होतो.

ग्लुकोजने हृदय वाचेल ही आशा काही आम्हा अडाण्यांचीच नव्हती, हे नंतर कळले. मेक्सिकोचे डॉक्टर देमेत्रिओ सोदी-पायारेस यांनी 1962 मध्ये ग्लुकोज, इन्शुलिन आणि पोटॅशियम यांचे मिश्रण अटॅकच्या रुग्णांना देऊन पाहिले. विचार चुकीचा नव्हता. चरबी जाळायला ग्लुकोजपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो, तेव्हा ऑक्सिजनच्या टंचाईत हृदयाला ग्लुकोजकडे वळवावे, असा तो हिशेब. चाळीस वर्षे यावर वाद चालला. शेवटी भारतासह अनेक देशांतल्या 20 हजारांहून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचा निकाल 2005 मध्ये आला. हे मिश्रण दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. एवढ्या देखरेखीखाली दिलेल्या औषधाची ही कथा, तर आमच्या खुंटीला टांगलेल्या बाटलीची काय?

बाटलीने अब्बांना काही दिले नाही. तिने आमच्याकडून चार तास मात्र घेतले.

सहा तासांचा हिशेब

हृदयाचा बंद पडलेला भाग सगळा एकदम मरत नाही. 1977 मध्ये अमेरिकेतले संशोधक कीथ रायमर आणि रॉबर्ट जेनिंग्ज यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगात हे दाखवले. रक्तवाहिनी 40 मिनिटे बंद ठेवून उघडली, तर धोक्यातल्या स्नायूचा सुमारे 38 टक्के भाग मेलेला आढळला. 3 तासांनी उघडली तर 57 टक्के आणि 6 तासांनी 71 टक्के. मरण आतल्या थरापासून सुरू होऊन लाटेसारखे बाहेर सरकते. आतला थर सर्वांत जास्त दाबाखाली काम करतो आणि रक्त त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते. कालव्याच्या टोकाचे शेत आधी वाळते, तसेच. माणसामाणसांत हे वेळापत्रक थोडे मागे-पुढे होते. कुणाला बाजूच्या बारीक वाहिन्यांतून थोडे रक्त मिळत राहते, कुणाला मिळत नाही. पण दिशा तीच.

ही लाट थांबवण्याचा एकच मार्ग आहे. वाट उघडणे. 1986 मध्ये इटलीत जवळजवळ 12 हजार रुग्णांवर गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेज या औषधाची चाचणी झाली. दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या तासात ज्यांना औषध मिळाले, त्यांच्यातले मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. जसजसे तास वाढले तसतसा फायदा आटत गेला. औषध तेच आणि डोसही तोच, फरक घड्याळाचा. आज अँजिओप्लास्टीची सोय आहे आणि 12 तासांच्या आत आलेल्या रुग्णालाही तिचा लाभ होतो. तरी घड्याळाचा नियम बदललेला नाही.

आता आपल्या देशाचा आकडा ऐका. भारतातल्या 89 रुग्णालयांतल्या 20 हजारांहून अधिक हृदयरुग्णांची पाहणी 2008 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचण्याचा मधला काळ होता 360 मिनिटे. म्हणजे निम्म्या रुग्णांना सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागला. रुग्णालयात आल्यावर गुठळीचे औषध मिळेपर्यंतचा मधला काळ होता 50 मिनिटे. आपण उशिराचा दोष नेहमी रुग्णालयाला देतो. या हिशेबात घरात आणि वाटेत सहा तास जातात, दारात एक तासही नाही. त्याच पाहणीत हेही दिसले की गरीब रुग्णांना उपचार कमी मिळाले आणि महिनाभरात त्यांच्यातले मृत्यूही जास्त झाले. आमचे साडेसहा तास या आकड्यात अगदी बरोबर बसतात.

मेलेले आणि झोपलेले

वाट उघडली, रक्त आले, म्हणजे सगळे आलबेल, असेही नसते. उपाशी माणसासमोर एकदम दावत मांडावी तसे होते. ऑक्सिजन नसताना पेशीत सक्सिनेट नावाचा पदार्थ साचलेला असतो. ऑक्सिजन येताच तो झपाट्याने जळतो आणि पेशीला इजा करणारे तीव्र ऑक्सिजन-कण तयार होतात. 2014 मध्ये शास्त्रज्ञांनी ही साखळी उलगडून दाखवली. शिवाय परत सुरू झालेले हृदय अधाशासारखे चरबी जाळते. त्या भरात ग्लुकोज अर्धवटच मोडले जाते आणि आम्ल पुन्हा साचते. यावर खात्रीचे औषध अजून सापडलेले नाही. तरीही वाट उघडण्याला पर्याय नाही, कारण न उघडण्याचे नुकसान कितीतरी मोठे.

अब्बांचा 35 चा आकडा ऐकून अम्मी खचली होती. डॉक्टर तिला म्हणाले, "अम्मा, जो हिस्सा हलत नाही तो सगळा मेलेला नसतो. काही झोपलेलाही असतो."

हे नुसते समजावणीचे बोल नव्हते. 1982 मध्ये बोस्टनचे यूजीन ब्रॉनवाल्ड आणि रॉबर्ट क्लोनर यांनी बधिर झालेल्या हृदयस्नायूची कल्पना मांडली. रक्त परत आलेले असते, पेशी जिवंत असते, पण धक्क्यातून सावरलेली नसते. एटीपी ज्या मूळ घटकांपासून बनते तेच वाहून गेलेले असतात आणि ते पुन्हा जमवायला दिवस लागतात. असा भाग काही दिवसांत, काही आठवड्यांत पुन्हा हलू लागतो.

दुसरा प्रकार गाढ झोपेचा. रक्तवाहिनी पूर्ण बंद नसते पण चिंचोळी झालेली असते, रक्त महिनोन्महिने कमी येते. अशा वेळी पेशी मरण्याऐवजी आपले काम आणि खर्च कमी करून टिकून राहते, चरबी सोडून ग्लुकोजवर भागवते. थंडीत प्राणी शीतनिद्रेत जातात तशी. ही कल्पना 1980 च्या दशकात वैद्यकजगात रुजवली ती डॉ. शहाबुद्दीन रहीमतुला यांनी. त्यांचा जन्म 1931 मध्ये आपल्या मुंबईतला. डॉक्टरकी कराचीत शिकले आणि पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्यांनी हृदयरोग शिकवला. त्यांच्या या विचारामुळे कितीतरी रुग्णांच्या बाबतीत "हा भाग गेला" असे म्हणण्याआधी डॉक्टर तो खरेच मेला आहे का, हे तपासू लागले. ती तपासणीही चयापचयावरच आधारलेली आहे. किरणोत्सारी खूण लावलेले ग्लुकोज देऊन पेट-स्कॅन काढतात. जिथे रक्त कमी पोहोचते तरी ग्लुकोज उचलले जाते, तिथे जीव आहे. तिथे रक्ताची वाट मोकळी करून दिली तर तो भाग पुन्हा कामाला लागू शकतो. आमच्या घरी हे वाचले तेव्हा अम्मीने त्यांच्यासाठी मगफिरतची दुआ केली.

उरलेल्या हृदयाचा संसार

जो भाग खरोखर मेला, तिथे सहा ते आठ आठवड्यांत व्रण तयार होतो. तो घट्ट असतो पण आकुंचन पावत नाही. त्याच्या वाटणीचे काम उरलेल्या स्नायूला करावे लागते. कमावता भाऊ गेला की बाकीच्यांवर भार येतो, तसे. हा स्नायू जाड होतो, कप्पा हळूहळू पसरतो आणि इंधनाची सवयही बदलते. आईच्या पोटातल्या बाळाचे हृदय मुख्यतः ग्लुकोज आणि लॅक्टिक आम्लावर चालते. जन्मानंतर श्वास सुरू होतो, दूध मिळते, मग ते चरबीकडे वळते. थकत चाललेले हृदय काही अंशी पुन्हा त्या बाळपणीच्या सवयीकडे जाते. चरबी जाळणे कमी होते, कीटोनचा वापर वाढतो, क्रिएटिन फॉस्फेटची बचत घटते. ऑक्सफर्डचे डॉ. स्टीफन नॉयबाउअर यांनी 2007 मध्ये अशा हृदयाला इंधन संपलेल्या इंजिनाची उपमा दिली होती. हे सांगितल्यावर अब्बा म्हणाले, "आधी हवा गेली, आता डिझेलचा पंप ढिला झाला."

मधुमेहींचे हृदय तर आधीपासूनच ग्लुकोज नीट उचलू शकत नाही, चरबीवरच जास्त अवलंबून असते. संकटात इंधन बदलण्याची त्याची लवचिकता कमी. त्यात मज्जातंतू बधिर झाल्याने त्यांना छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो किंवा घाम फुटतो, असेही होते. ज्यांच्या घरी साखरेचे रुग्ण आहेत त्यांनी हे नीट लक्षात ठेवावे.

अटॅकनंतर मिळणाऱ्या गोळ्यांची पिशवी या दृष्टीने पाहिली की ती ओझे वाटत नाही. ठोके आणि रक्तदाब कमी ठेवणाऱ्या गोळ्या हृदयाचा खर्च कमी करतात. काही गोळ्या कप्पा पसरू देत नाहीत. ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची गोळी स्टेंटमध्ये गुठळी होऊ देत नाही. डापाग्लिफ्लोझिन हे मुळात मधुमेहाचे औषध. 2019 मधल्या मोठ्या चाचणीत ते अशक्त हृदयाच्या रुग्णांना, मधुमेह नसला तरी, उपयोगी पडल्याचे दिसले. यातली कोणतीही गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून आपल्या मनाने बंद करायची नसते. स्टेंटनंतर गोळी सोडणे म्हणजे गुठळीला पुन्हा दार उघडून देणे.

दोन महिन्यांनी रमजान आला. अब्बांनी लहानपणापासून रोजा सोडला नव्हता. डॉक्टरांनी मनाई केली. गोळ्यांच्या वेळा ठरलेल्या, पाणी कमी पडले तर रक्तदाब ढासळण्याची भीती. अब्बा गप्प झाले. मग मोहल्ल्यातल्या मौलानांनी घरी येऊन समजावले की आजारी माणसाला सवलत अल्लाहनेच दिली आहे, तब्येत सुधारली तर कज़ा रोजे ठेवता येतात आणि नाही सुधारली तर फिदियाची वाट आहे. सवलत घेणे म्हणजे कमी पडणे नव्हे. अब्बांनी ते मानले. संध्याकाळी इफ्तारच्या दस्तरखानावर ते सर्वांबरोबर बसत, पहिली खजूर नातवाच्या हातात देत. ईदनंतर इको काढला. आकडा 44 झाला होता. 35 आणि 44 यांच्यामधले ते झोपलेले हृदय होते. 44 पासून 55 पर्यंतचे जे परत आले नाही, ते त्या साडेसहा तासांत गेले.

आपण काय करायचे

छातीत दडपण, आवळल्यासारखे दुखणे, दुखणे जबड्यात, खांद्यात, हातात किंवा पाठीत जाणे, घाम, मळमळ, दम, यातले काहीही पाच-दहा मिनिटांत थांबले नाही तर ते गॅस आहे असे घरात बसून ठरवू नका. बायकांना आणि वयस्करांना कधी नुसता थकवा आणि मळमळच जाणवते. घरातल्या सुनेला, सासूला "काम जास्त झालं असेल" म्हणून झोपवू नका.

108 वर फोन करा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून मोफत आहे. फोनवर ॲस्पिरिनबद्दल विचारा. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर 300 मिलिग्रॅमची गोळी चघळायला सांगतात. रुग्णाला जिने उतरवू नका, चालवू नका, गाडी चालवू देऊ नका. हालचाल झाली की हृदय जास्त ऑक्सिजन मागते आणि द्यायला ऑक्सिजन नसतो. सोडा, सरबत, ग्लुकोजची बाटली यांत वेळ घालवू नका. जिथे ईसीजी निघतो तिथेच न्या. आपल्या गावापासून असे ठिकाण कुठे आहे आणि रात्री उघडे असते का, हे आजच विचारून ठेवा. रेशनकार्ड आणि आधारच्या प्रती एका पाकिटात तयार ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. पैशांच्या काळजीने रात्र काढू नका.

आमच्या घरी आता कपाटाच्या दाराला एक कागद चिकटवला आहे. त्यावर 108, जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा नंबर आणि दोन शेजाऱ्यांचे नंबर आहेत. खाली अब्बांनी स्वतःच्या हाताने उर्दूत लिहिले आहे, पहिले घड्याळ पाहा. दुआ करायची तर ती रुग्णवाहिकेत बसूनही करता येते. अल्लाह आपणा सर्वांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना सलामत ठेवो. आमीन.